‘प्रिन्स’ म्हणजे दरवेळी राजपुत्रच का?

धागालेखक: दक्षिण इटलीच्या मध्ययुगावरचा एक लेख मराठीत आणतोय. नेपल्सच्या उत्तरेला, वोल्तुर्नो नदीच्या वळणात कापुआ नावाचं गाव आहे. तिथे आधी लाँबर्डांची, म्हणजे इटलीत येऊन स्थिरावलेल्या एका जर्मानिक टोळीची, सत्ता होती. १०५८ मध्ये शेजारच्या आव्हेर्साच्या रिचर्डने ते घेतलं; हा नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्समधून आलेल्यांपैकी. मूळ लेखातल्या ‘प्रिन्स’साठी मी ‘कापुआचा राजपुत्र रिचर्ड’ असं लिहून मोकळा झालो. बायकोने वाचून एवढंच विचारलं, “मग याचा बाप कुठला राजा?” बाप राजा नव्हताच. इथे कोणता शब्द बसेल?

प्रतिसाद १: वहिनींना नमस्कार सांगा. मूळ लॅटिन शब्द ‘प्रिन्केप्स’. प्रिमुस म्हणजे पहिला, कापेरे म्हणजे घेणे. पहिला मान घेणारा तो प्रिन्केप्स. आपल्याकडे गावात विड्याचा पहिला मान असतो ना, तसा. त्यात पुत्राचा संबंध कुठेच नाही. रोममध्ये ‘राजा’ हा शब्द शिवीसारखा झाला होता, म्हणून ऑगस्टसने स्वतःला प्रिन्केप्स म्हणवून घेतलं. पुढे ७७४ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने उत्तरेतलं लाँबर्ड राज्य गिळलं, तेव्हा दक्षिणेतल्या बेनेव्हेंतोचा लाँबर्ड सत्ताधीश दुसरा आरेकिस याने ‘ड्यूक’ टाकून हेच नाव घेतलं. वर राजा उरला नाही, पण स्वतःला राजा म्हणवण्याइतकी ताकदही नाही, अशी ती मधली पायरी. कापुआच्या घराण्याने ९०० मध्ये बेनेव्हेंतो घेतलं, तेव्हा बिरुदही आपसूक आलं.

प्रतिसाद २: मग ‘संस्थानिक’ लिहा की! इंग्रज आपल्या राजेमंडळींना प्रिन्सच म्हणत. ‘किंग’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या राजापुरता राखून ठेवला होता. १९२० साली त्यांनी ‘चेंबर ऑफ प्रिन्सेस’ काढलं, तेव्हा आपल्याकडे कुणी त्याला राजपुत्र मंडळ म्हटलं नाही. नरेंद्रमंडळ म्हटलं. आपले जुने लोक भाषांतरात आपल्यापेक्षा शहाणे होते.

प्रतिसाद ३: नरेंद्रमंडळाचा दाखला मस्त, पण ‘संस्थानिक’ नको. तो शब्द ऐकला की दाराशी इंग्रजांचा रेसिडेंट उभा दिसतो. मी ‘अधिपती’ सुचवेन.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. लाँबर्ड घराण्यांत बाप हयात असतानाच मुलाला सोबत गादीवर बसवत, आणि दोघंही प्रिन्केप्स. ९६० साली कापुआत दुसरा लांडुल्फ आणि त्याचा मुलगा पांडुल्फ असे दोघं एकदम होते. त्याच वर्षी तिथे जमिनीचा एक खटला चालला. साक्षीदार एकेक करून पुढे येई, एका हातात जमिनीच्या हद्दींचा कागद धरी, दुसरा हात त्यावर ठेवी आणि लॅटिन सोडून बोलीभाषेत म्हणे, “साओ को केल्ले तेर्रे…” मराठीत: ‘मला ठाऊक आहे, त्या जमिनी, इथे लिहिलेल्या चतुःसीमांसह, तीस वर्षं संत बेनेडिक्टकडे (म्हणजे त्याच्या मठाकडे) वहिवाटीस होत्या.’ इटालियन बोलीचा हा सर्वांत जुन्या लेखी नमुन्यांपैकी एक. विषयांतर झालं खरं, पण ‘वहिवाट’ इतका चपखल बसल्यावर राहवेना.

धागालेखक: विषयांतर आवडलं. याच लेखात ‘गास्ताल्द’ही आहे. कापुआचे हे लोक प्रिन्केप्स होण्याआधी गास्ताल्द होते म्हणे. मी सध्या ‘सुभेदार’ लिहिलंय.

प्रतिसाद ४: सुभेदार फार वरचा झाला. गास्ताल्द म्हणजे सरकारी जमिनीचा वसूल पाहणारा, न्यायनिवाडा करणारा नेमणुकीचा अधिकारी. ‘कमाविसदार’ बसेल. कापुआच्या नवव्या शतकातल्या लांडुल्फने त्या नेमणुकीचं वतन करून टाकलं आणि वरच्याला मोजेनासा झाला. पेशवाईचे कागद वाचलेल्याला हे समजावून सांगायला नको.

प्रतिसाद ५: ‘अधिपती’ला माझं मत, पण सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. ११३० च्या नाताळात पालेर्मोला सिसिलीचा राजा म्हणून दुसऱ्या रॉजरचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवणारा हात कापुआच्याच दुसऱ्या रॉबर्टचा होता. पुढे त्याच रॉबर्टने बंड केलं. रॉजरने कापुआ काढून घेतलं आणि ११३५ मध्ये स्वतःच्या मुलाला, अल्फोन्सोला दिलं. आता हा कापुआचा प्रिन्स खरोखरच राजपुत्र! वेल्सचंही तेच. लिवेलिन हा तिथला सत्ताधीश, १२८२ मध्ये मारला गेला. १३०१ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ती पदवी आपल्या मुलाला दिली, आणि आज ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हटलं की गादीचा वारसच डोळ्यांपुढे येतो. पोराला द्यायची पदवी झाली की शब्दाचा अर्थच पोर होतो.

जर्मन लोकांनी हा घोळ टाळला. सत्ता चालवणारा ‘फ्युर्स्ट’, राजघराण्यातला मुलगा ‘प्रिन्झ’. लिश्टेनश्टाइनचा प्रमुख आजही फ्युर्स्टच. आपली वर्तमानपत्रं मात्र त्यालाही राजपुत्र करतात, मग तो सत्तरीचा का असेना.

धागालेखक: दुरुस्त केलं. रिचर्ड आणि त्याचे वंशज ‘कापुआचे अधिपती’, लांडुल्फ-पांडुल्फ ‘सहअधिपती’, अल्फोन्सो ‘राजपुत्र’ आणि त्याच्यापाशी दोन ओळींची तळटीप. सुभेदाराचा कमाविसदार केला. बायकोने पुन्हा वाचलं. आता तिचा प्रश्न आहे, ‘ड्यूक’चं काय करणार? नवा धागा काढतो.