घरी लिथियम बॅटरी पॅक बनवायला सरसकट 'नको' म्हणणं पटत नाही

सायकलस्वार_सातारा:
ई-सायकलची बॅटरी घरी बनवतोय असं कुणी म्हणालं की लोक लगेच अंगावर येतात, बॉम्ब बनवतोयस का वगैरे. माझं म्हणणं आहे की नवीन सेल घेऊन, नीट शिकून केलं तर घरचा पॅक बाजारातल्या बिननावाच्या निळ्या प्लास्टिकमधल्या पॅकपेक्षा सुरक्षित होतो. असले पॅक मी उघडून बघितलेत. निकेलच्या नावाखाली मुलामा दिलेली लोखंडी पट्टी, बीएमएसच्या (म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली तर करंट तोडणाऱ्या सर्किटच्या) वायरी थेट सेलच्या अंगावरून नेलेल्या, मध्ये साधा कागदसुद्धा नाही. या पॅकमधल्या १८६५० सेलचा, म्हणजे बोटाएवढ्या गोल सेलचा, अख्खा डबा निगेटिव्ह असतो, अगदी वरच्या पॉझिटिव्ह टोपीच्या कडेपर्यंत, आणि वर फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टन. खड्ड्यांत गाडी आदळत राहिली की पट्टीची धार ते वेष्टन कापते आणि तिथेच शॉर्ट. टोपीभोवती फिश पेपरची (वीज न जाऊ देणाऱ्या चिवट कागदाची) चिकट रिंग लावली आणि सेल होल्डरमध्ये बसवले तर ही वेळच येत नाही, पण स्वस्तातल्या पॅकवाल्याला तेवढंही करायचं नसतं.

तिसरा_मजला_पुणे:
अजिबात पटलं नाही. दादा, तुम्ही नीट कराल हो, पण तुमचं वाचून जो पोरगा उद्या लॅपटॉपचे जुने सेल फोडून सोल्डर मारत बसेल त्याचं काय? न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली, बऱ्याच आगी ई-बाईक आणि स्कूटरच्या. त्याच वर्षी त्यांनी वापरलेल्या बॅटऱ्यांमधून सेल काढून नवीन पॅक जोडण्यावर कायद्याने बंदी घातली. आणि ही आग पेटते ती जिन्यात नाहीतर दाराशी, कारण गाडी तिथेच चार्जिंगला असते, म्हणजे बाहेर पडायची वाटच बंद. पॅक तुमचा पण जीव अख्ख्या बिल्डिंगचा, हे आधी बोला.

सायकलस्वार_सातारा:
जुन्या सेलना माझाही विरोधच आहे, वर 'नवीन' मुद्दाम लिहिलंय. पण कारखान्याचं ते सुरक्षित हेही मान्य नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली, ती काय कुणी घरी बनवली होती? त्या वर्षीच्या आगींनंतरच एआयएस-१५६ चे, म्हणजे आपल्याकडच्या ई-गाड्यांच्या बॅटरी सुरक्षेचे, नियम कडक करावे लागले ना.

तिसरा_मजला_पुणे:
हो, आणि कडक झाले म्हणजे काय झालं तेही सांगा की. सेलमध्ये अंतर, पॅकमध्ये फ्यूज, आतला सेल तापून पेटायला लागला तर ऐकू येणारा इशारा. मोठ्या कंपन्यांना सुद्धा हे कमी पडलं म्हणून सक्ती करावी लागली आणि तुम्ही म्हणताय की घरच्या टेबलावर जमेल. तुमचा पॅक कुणी ठोकून, तापवून, शॉर्ट करून तपासणार आहे का?

गॅरेजवाला_सांगली:
दोघांचंही वाचलं, माझं कामच हे आहे म्हणून बोलतो. माझ्याकडे बिघडून येणाऱ्या पॅकमध्ये सेल जोडण्यापेक्षा चार्जरची चूक जास्त दिसते. लोक जुनी लेड ॲसिड बॅटरी काढून ४८ व्होल्टचा लिथियम पॅक बसवतात आणि चार्जर जुनाच ठेवतात. १३ सेल सिरीजमध्ये म्हणजे फुल चार्ज ५४.६ व्होल्ट, आणि जुना चार्जर जातो ५८-५९ पर्यंत, म्हणजे प्रत्येक सेलला ४.२ च्या जागी साडेचार. तेव्हा फक्त बीएमएस वाचवतो, आणि त्याचा मॉस्फेट (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होऊन बसला तर तोही नाही. बीएमएस ही शेवटची भिंत आहे, तिच्यावर रोज भार टाकू नका. दुसरं, १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की परत द्या, चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा ३५०० च्या आसपासच थांबतो.

सायकलस्वार_सातारा:
चार्जरचं एकदम बरोबर. मी तर म्हणतो पहिल्यांदा करणाऱ्याने एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी) घ्यावी, १६ सेल, फुल ५८.४. वजन वाढतं, जागा जास्त लागते, पण पेटायला जास्त तापमान लागतं. आणि पॅरलल जोडायच्या आधी सगळे सेल एकाच व्होल्टेजला आणून दोन आठवडे नुसते ठेवायचे, ज्याचं व्होल्टेज उतरलं तो बाद. एवढा संयम कुठल्या दुकानात मिळतो सांगा.

तिसरा_मजला_पुणे:
तो संयम तुमच्यात असेल, सगळ्यांत नाही. आणि एलएफपी म्हणजे पेटतच नाही असं समजू नका, तिचाही वायू पेट घेतो. बंद खोलीत तो धूर छातीत गेला की संपलं. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझतात पण सेलच्या आत जे चालू असतं ते थांबत नाही, थोड्या वेळाने परत पेटतं, भरपूर पाणी मारून गार करावं लागतं.

आई_दोन_मुलांची:
मला यातलं तांत्रिक कळत नाही पण विचारते. आमच्या खालच्या भाऊंनी असाच पॅक बनवलाय आणि रात्री पॅसेजमध्ये मीटरच्या पेटीशेजारी चार्जिंगला लावून झोपतात. त्यांना काय सांगू?

गॅरेजवाला_सांगली:
ताई, बनवलाय कसा हे नंतर विचारा, आधी तो तिथून हलवायला लावा. मोकळ्यावर, दारापासून आणि मीटरपासून लांब, आणि घरात माणूस जागा असताना. चार्जरवर किती व्होल्ट लिहिलंय त्याचा फोटो इथे टाका आणि पॅकमध्ये किती सेल सिरीजमध्ये आहेत ते विचारून घ्या. मग पुढचं सांगतो.

तिसरा_मजला_पुणे:
आणि नाही ऐकलं तर सोसायटीला लेखी द्या, आजच. या बाबतीत शेजारधर्म बघत बसू नका.

सायकलस्वार_सातारा:
याला माझाही पाठिंबा. पॅसेजमध्ये कंपनीची सीलबंद बॅटरीसुद्धा नको. ताई, फोटो टाका.