प्रतिसाद: पैसा नसला की राक्षस हसवणारच?

वरच्या लेखात म्हटलंय की भूतपटाला बजेट नसलं की त्यातला राक्षस हास्यास्पद होणारच. अर्धंच पटलं.

आमच्याकडे अमळनेरला गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून गल्लीत रात्रभर पिक्चर चालायचे. अशाच एका रात्री कुठल्याशा टुकार भूतपटात केसाळ राक्षस विहिरीतून वर आला, पोरं आयांच्या पदरात शिरली. तेवढ्यात कॅमेरा खाली गेला आणि मागून एक आजी ओरडल्या, "आरे, त्याना पायमा चप्पल शे!" संपली भीती. पुढचा तासभर सगळे त्याचे पायच बघत होते. (पाठीला चेनही होती, ती मी नंतर शोधली.)

पण चूक पैशाची नव्हती, दाखवण्याच्या हौसेची होती. १९७५च्या 'जॉज'मध्ये यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो लपवला. तासभर नुसतं पाणी, पिंपं आणि संगीत. तेवढ्यावर भागलं. उलट हिंदी भूतपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधला (१९८४) सामरी हा राक्षस भरपूर दिसतो, तरी चालतो, कारण ते काम करणाऱ्या अनिरुद्ध अगरवालचा चेहरा आणि उंचीच अर्धं काम करून जाते. रबरावर भिस्त नाही.

म्हणून मी असले पिक्चर बघताना आधी उजेड बघतो. राक्षसावर समोरून भक्क लाइट मारला असेल तर शेंगदाण्याची पुडी सोडायची आणि हसायला बसायचं. मागून उजेड, थोडा धूर, नुसती आकृती असेल तर दिग्दर्शकाला काहीतरी कळतंय.

बाकी अशा पिक्चरमध्ये मध्येच येणारी गाणी रसभंग करतात, हा तुमचा मुद्दा मान्य. तिथे मी आजही फॉरवर्डच करतो.