मदत हवी आहे : जॉर्ज मायकल यांच्या ‘फेथ’मधील सिंगल्सविषयी

जॉर्ज मायकल यांच्या १९८७ सालच्या ‘फेथ’ या अल्बमविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. त्यातील ‘फेथ’, ‘फादर फिगर’, ‘वन मोअर ट्राय’ आणि ‘मंकी’ ही चारही गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मात्र गायकाच्या मायदेशी, ब्रिटनमध्ये, अल्बम अव्वल ठरूनही त्यातील एकही सिंगल (स्वतंत्रपणे विकले जाणारे गाणे) पहिला आला नाही आणि शीर्षकगीताची तर दुसऱ्या क्रमांकावरच बोळवण झाली. ब्रिटनची यादी तेव्हा केवळ विक्रीवर बेतलेली होती आणि अमेरिकेत रेडिओवरील प्रसारणही जमेस धरले जाई, हे खरे. पण तेवढ्याने हा फरक पुरता उलगडतो असे वाटत नाही. अल्बम घरोघरी पोहोचल्यावर सिंगल वेगळे घेण्याचे कारण उरले नसावे, असा एक तर्क करता येतो, परंतु शीर्षकगीत अल्बमच्या आधीच बाजारात आल्याने त्याला तो लागू पडत नाही.

दुसरी शंका ‘मंकी’ची. सिंगलसाठी जिमी जॅम आणि टेरी लुईस या संगीत निर्मात्यांनी त्याचे नव्याने रिमिक्स केले (माझ्या कानांना त्याचाच ठेका अधिक दमदार वाटतो). हे रिमिक्स कोणत्या अधिकृत संग्रहात मिळेल, हे कृपया कळवावे.