माजी राष्ट्रपतींना प्रत्यक्ष पाहिलंय? अनुभव लिहा

राष्ट्रपती पदावर असताना आपल्याला दिसतात ते सव्वीस जानेवारीला, टीव्हीवर. पद सुटलं की हीच मंडळी कुठल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला, पुस्तक प्रकाशनाला, एखाद्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला सापडतात. कायद्याने त्यांना पेन्शन (पगाराच्या निम्मी, म्हणजे सध्या महिना अडीच लाख), राहायला बंगला, थोडा कर्मचारीवर्ग आणि प्रवासाची सोय मिळते. दिवसभर करायचं काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कलाम २५ जुलै २००७ ला राष्ट्रपती भवनातून निघाले आणि पुढची आठ वर्षं पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरले. प्रतिभाताई पुण्यात स्थिरावल्या. प्रणवदा दिल्लीत राजाजी मार्गावर दहा नंबरच्या, म्हणजे आधी कलाम राहत त्याच बंगल्यात गेले.

तुम्ही यांच्यापैकी कुणाला पाहिलं असेल, ऐकलं असेल, कार्यक्रमात राबला असाल तर लिहा. अट एकच, स्वतः पाहिलेलं हवं. कलाम दोनच सुटकेस घेऊन राष्ट्रपती भवनातून निघाले, हा मेसेज आम्हा सगळ्यांकडे आहे, तो नको. कौतुकच केलं पाहिजे असंही नाही.

खडूफळा (शिक्षिका, नाशिक जिल्हा)

मीच सुरुवात करते. कलाम सर शहरात येणार म्हणून आम्ही आठवी-नववीची मुलं घेऊन गेलो होतो. एसटी ठरवली, डबे बांधले, पालकांच्या सह्या घेतल्या. प्रत्यक्ष भाषण इंग्रजीत. आमच्या निम्म्या मुलांना ते कळलं नाही, हे खरं सांगायला हवं. पण मधेच त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि रूमीची ती पंखांची कविता एकेक ओळ आपल्या मागून म्हणायला लावली. जन्म पंखांसह झालाय, मग रांगायचं कशाला, अशा अर्थाची. वर्गात प्रार्थना पुटपुटणारी माझी पोरं तिथे घसा फोडून इंग्रजी म्हणत होती.

परतताना गाडीत अर्थावरून भांडण. एकजण म्हणे ते विमानाबद्दल होतं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ती कविता लिहिली आणि अख्खा तास त्यातच गेला. इंग्रजीचा इतका चांगला तास माझ्याकडून एरवी क्वचितच झाला असेल.

मंडपवाला

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. पाहुणा मोठा असला की आमची अडचण पाहुण्याची नसते, आयोजकांची असते. मंचावर सात खुर्च्या ठरतात आणि आदल्या रात्री पंधरा होतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मानपत्र वाचन. मानपत्र वाचणारा तर असा गहिवरतो की त्याच्यापुढचा माइक काढून घ्यावासा वाटतो.

कलामसाहेबांच्या कार्यक्रमाला साउंड माझं होतं. त्यांच्या माणसाने आधी येऊन दोनच गोष्टी विचारल्या. पडद्यावर स्लाइड मागच्या रांगेतून वाचता येतील का, आणि मुलांमध्ये फिरवायला कॉर्डलेस माइक किती आहेत. मी एक म्हटलं, तर त्याचं तोंड उतरलं. पळत जाऊन दुसऱ्या मंडपवाल्याकडून दोन आणले. नंतर कारण कळलं. भाषण झालं तसे प्रश्न सुरू झाले आणि थांबेचनात. आयोजक घड्याळ दाखवतायत, जेवण गार होतंय, साहेब आपले पुढच्या मुलाकडे बोट करतायत. एका कॉर्डलेसची बॅटरी मधेच गेली. आमच्या लाइनीत असं सहसा होत नाही, कारण प्रश्नोत्तरं एवढी चालतच नाहीत.

जुनी विद्यार्थिनी

मंडपवाले, मुलांचे प्रश्न वेगळे आणि आमचे वेगळे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक अनिल गुप्तांबरोबर कलाम सर एक वैकल्पिक विषय शिकवायचे. नाव लांबलचक, आम्ही नुसतं ‘ग्रिट’ म्हणायचो. गट पाडून देशातला एखादा प्रश्न घ्यायचा, उपाय मांडायचे, आणि ते समोर बसून ऐकणार.

ऐकायचे मनापासून. वहीत लिहून घ्यायचे. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली. त्यांच्यासमोर कुणी वाद घालत नसे. एरवी प्राध्यापकाला फाडून खाणारी आमची बॅच त्या तासाला शहाण्या बाळासारखी बसे. त्यांच्या ‘पुरा’ योजनेवर, म्हणजे शहरातल्या सोयी खेड्यांत नेण्याच्या कल्पनेवर, पैसा कुठून येणार हा साधा प्रश्न मला विचारायचा होता. नाही विचारला. त्यांनी रागावून उत्तर दिलं असतं असं अजिबात नाही. आजूबाजूच्या साठ जणांनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं, याचीच भीती होती.

नाटेकर

मी राजापूर तालुक्यातला. पुण्यात शिकताना कलामांचं भाषण ऐकलंय आणि भारावलोही होतो. पण ६ नोव्हेंबर २०११ ला ते कूडनकुळमला गेले, अणुभट्टी सुरक्षित आहे असं सांगितलं आणि भोवतालच्या गावांसाठी दोनशे कोटींचा दहा कलमी कार्यक्रम सुचवला. मी मध्यस्थ म्हणून आलेलो नाही, असंही म्हणाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्याकडे जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला होता. तमिळनाडूतली ती बातमी आमच्याकडे घराघरांत वाचली गेली.

चुलतभाऊ म्हणाला, एवढा मोठा शास्त्रज्ञ सांगतोय तर खरंच असेल. काका म्हणाले, शास्त्रज्ञाला भट्टी कळते, मासळी कुठे जाईल ते आम्हाला कळतं. दोघांचं अजून पटत नाही. मला त्यांचा राग नाही. पण पद सोडलेल्या माणसाच्या शब्दालाही पदाचं वजन राहतं, आणि ते वजन नेमकं कुठल्या पारड्यात पडतं हे पारड्याखाली राहणाऱ्यांना आधी जाणवतं.

धागाकर्ता

नाटेकर, असंच हवं होतं. बाकीच्यांनी कृपया इथे अणुऊर्जेचा वाद सुरू करू नये, त्याला वेगळी जागा आहे.

खानदेशी

प्रतिभाताईंबद्दल कुणी लिहिणार की नाही? पुण्यात महिलांच्या एका कार्यक्रमात त्यांना पाहिलं. डोक्यावरचा पदर, लांब बाह्या, सगळं टीव्हीवर दिसायचं तसंच. मी पुढे जाऊन नमस्कार केला, नाडगावजवळचं आमचं गाव सांगितलं. त्यांचा जन्म नाडगावचा. माझ्याबरोबरच्या पुणेरी मैत्रिणींना नाडगाव कुठे आहे हेच माहीत नव्हतं, त्यांना बोदवडपासून समजावून सांगावं लागलं. २०१९ मध्ये मेक्सिकोने त्यांना आपला मोठा सन्मान दिला, तोही पुण्यात, त्यांच्या राजदूतांच्या हस्ते. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. एवढंच म्हणणं आहे.

औंधकर

चार ओळी का, ते आम्ही सांगतो. पुणेकरांची स्मरणशक्ती वाईट गोष्टींना फार चांगली. निवृत्तीआधी खडकीत संरक्षण खात्याच्या जमिनीवर त्यांच्या घराची योजना होती, माजी सैनिकांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी ती जागा नको म्हणून कळवलं. जागा सोडली हे लोक विसरले, मागितली हे लक्षात राहिलं. हे अन्यायाचंच आहे, पण आहे असं. बाकी माझा अनुभव म्हणजे सिग्नलला थांबलो होतो, गाड्या गेल्या, कुणीतरी म्हणालं ताई होत्या. काचेतून पदर दिसला असं बायको म्हणते.

चर्नी रोड

सगळ्यांत जुना अनुभव बहुतेक माझाच. जानेवारी २००४, वर्ल्ड सोशल फोरम मुंबईत. गोरेगावला नुसती जत्रा. ढोल, झेंडे, ब्राझीलचे लोक, झारखंडचे लोक, दहा भाषांतली पत्रकं. समारोपाला, २१ तारखेला, के. आर. नारायणन आले. आधीच्याच राष्ट्रपतींनी अशा व्यासपीठावर येऊन जागतिकीकरणाच्या विरोधकांना पाठिंबा द्यावा, हे आमच्या ऑफिसात कुणाला पटेना. मी मुद्दाम गेलो. थकलेला माणूस, आवाज बारीक, शांतपणे बोलले. आजूबाजूची पोरं घोषणा थांबवून ऐकत होती. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्यांच्या नावाने मेसेज फिरत नाहीत, त्यामुळे पोरांना नावही माहीत नसतं.

रेशीमबाग

७ जून २०१८, प्रणव मुखर्जी नागपुरात संघाच्या तृतीय वर्ष प्रशिक्षण वर्गाच्या समारोपाला. आमच्या घरापासून मैदान चालत जाण्याइतकं. उन्हाने जीव जात होता आणि गल्ल्यांत टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅन इतक्या की भाजीवाल्याने गाडी उलटी फिरवली. मी निमंत्रित नव्हतो. गच्चीवरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं, भाषण घरात टीव्हीवर. राष्ट्र, राष्ट्रवाद, देशभक्ती असा विषय, इंग्रजी, वर्गात शिकवल्यासारखं. आधी ते हेडगेवारांच्या घरी गेले आणि तिथल्या वहीत त्यांना भारतमातेचे थोर सुपुत्र म्हणून आले.

आदल्याच दिवशी त्यांच्या मुलीने जाहीरपणे लिहिलं होतं की भाषण विसरलं जाईल, चित्रं राहतील आणि ती खोट्या वाक्यांसकट फिरवली जातील. झालं तसंच. संध्याकाळी माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा काळी टोपी घालून प्रणाम करतानाचा बनावट फोटो आला. मी म्हटलं, टीव्हीवर सगळं पाहिलंय, टोपी नव्हती. उत्तर आलं, तुम्ही नीट पाहिलं नसेल.

पूर्वेकडे (बँक, गुवाहाटी)

मी पाहिलेलं नाही, धागाकर्त्यांनी हवं तर काढावं. २७ जुलै २०१५ ला कलाम गुवाहाटीहून शिलाँगला गेले तेव्हा मी इथेच होतो. तो रस्ता चांगला अडीच तासांचा. पुढच्या उघड्या जिप्सीत एक जवान पूर्ण वेळ उभा होता, त्याला बसायला सांगा म्हणून ते निरोप देत राहिले, आणि पोचल्यावर त्याला बोलावून त्याची माफी मागितली. त्यानंतर थोड्याच वेळात आयआयएमच्या वर्गात व्याख्यान देताना कोसळले.

धागाकर्ता

राहू दे. ही गोष्ट त्यांच्याबरोबर गाडीत बसलेल्या सहकाऱ्याने लिहिली आहे आणि तो जवानही पुढे आला होता. तिला फॉरवर्ड म्हणता येणार नाही.

खडूफळा

एक जोड. १५ ऑक्टोबर, कलाम सरांचा वाढदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन. बरा उपक्रम आहे, निदान त्या दिवशी कपाटाचं कुलूप निघतं. पण दरवर्षी एखादे पाहुणे ठासून सांगतात की संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जागतिक विद्यार्थी दिन म्हणून जाहीर केलाय. संयुक्त राष्ट्रांच्या दिवसांच्या यादीत असा दिवस नाही. मागच्या खेपेला सातवीतल्या एका मुलीने हात वर करून पाहुण्यांना हेच विचारलं. मुख्याध्यापकांनी तिला खाली बसवलं. मी तिला ग्रंथालयाची किल्ली दिली आहे.

औंधकर

बाई, त्या मुलीला इथे लिहायला सांगा.

धागाकर्ता

जरूर. शंकरदयाळ शर्मा महाराष्ट्राचे राज्यपालही होते, त्यांना नंतर पाहिलेलं कुणी आहे का? आणि २ ऑक्टोबर २०२५ ला कोविंद नागपूरला संघाच्या विजयादशमीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे होते. रेशीमबागवाले, गच्ची अजून तिथेच असेल ना?