ब्लाऊज घरी शिवतेय, पण मुंढा काही केल्या जमत नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी घरीच शिवते. परकर, लेकीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, स्वतःचे दोन कुर्ते एवढं सगळं नीट झालं पण ब्लाऊज काही केल्या अंगावर धड बसत नाहीये, आणि आता हाताशी दिवस कमी आहेत म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल, पण मापं सगळी देते म्हणजे सांगणाऱ्याला बरं पडेल.

बाहेरदेशी दुकानात पाकिटातून छापील पॅटर्न मिळतात, साइज बघून घ्यायचं आणि कापायचं. आपल्याकडे एकतर टेलरकडे मापाचा ब्लाऊज द्यायचा, नाहीतर क्लासच्या वहीतलं सूत्र लावून ब्राऊन पेपरवर कटिंग काढायचं. माझी आजी खणाची चोळी कागदसुद्धा न घेता कापायची, वीत आणि चार बोटं एवढंच माप, खण दुमडायचा, कात्री चालवायची, चिंधी जवळजवळ उरायचीच नाही. पण तिच्या चोळीला समोर गाठ होती ना, घट्ट की सैल ते गाठ मारताना ठरायचं. आपल्याला हूक लावायचे असतात, तिथे अर्धा इंच चुकला की चुकलाच.

मी तीन महिन्यांचा शिवणक्लास केलाय. वहीत सगळी सूत्रं छातीवरून आहेत. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा गोल, छातीचा सहावा भाग, गळ्याची रुंदी बारावा भाग, घडीवर छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड. क्लासमध्ये ३२ आणि ३४ छातीचे ब्लाऊज शिकवले, ते मैत्रिणींच्या अंगावर छान बसले. माझ्या अंगावर तीच सूत्रं लावली आणि सगळं बिघडलं.

माझी मापं इंचात अशी. छाती सगळ्यात भरलेल्या जागी ४०, काखेतून टेप वर नेऊन घेतली तर ३६, छातीच्या खाली ३४, शोल्डर १४, ब्लाऊजची उंची १४.५, दंड १३, शोल्डरपासून टक्स पॉइंट, म्हणजे छातीचं टोक, १०.

पहिला ब्लाऊज २ बाय २ रुबिया कापडाचा शिवला, चार टक्सचा (टक म्हणजे छातीला आकार द्यायला घातलेली टोकदार चूण). मुंढा ४० च्या हिशोबाने ६ इंच ५ सूत आला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), गळ्याची रुंदी ३ इंचाच्या वर गेली. घातल्यावर एक शोल्डर सारखं खाली घसरतंय, पुढे वाकलं की गळा उघडा पडतो, आणि हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर जातो. फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात उचलला तर खालची पट्टी दोन इंच वर चढून छातीवर येऊन बसली आणि हात खाली केला तरी ती खाली उतरेना, ओढून घ्यावी लागली. मला वाटलं काखेत आवळतंय म्हणून होत असेल, तर उसवून मुंढा अर्धा इंच खाली कापला. जास्तच वाईट झालं. मग अजून पाव इंच. आता मुंढा ७ इंच ३ सूत आहे, काखेत चुण्या पडतात आणि हात खांद्याच्या वर जातच नाही. जागा वाढवली तर हात मोकळा व्हायला पाहिजे ना, मग उलटं का होतंय हे मला कळत नाहीये आणि त्यानेच जास्त अस्वस्थ व्हायला होतंय.

मापाच्या ब्लाऊजवरून छापा का नाही काढला असं विचाराल तर तो पाच वर्षांपूर्वीचा, लेकीच्या आधीचा आहे. आतली होती नव्हती ती माया कधीच सोडून झाली.

टेलरकडे का नाही तर ते पण सांगते. मागच्या वर्षी एका ठिकाणी काठाचा ब्लाऊज दिला होता. तो बसला नाही म्हणून परत नेला तर दुकानात चार बायका उभ्या असताना मला म्हणाले, तुमचं अंगच तसं आहे, बसणार कसं. घरी येऊन मी तो ब्लाऊज जो आत ठेवला तो परत बाहेर काढलेला नाही. त्या दिवशी ठरवलं की माझ्या अंगाचं माप मीच घेणार आणि मीच शिवणार. अजूनही तेच ठरलंय, म्हणून कृपा करून चांगल्या टेलरचा पत्ता सुचवू नका.

आता घाई कशाची, तर आईची इरकल. तिच्या लग्नातली, काळी, लालभडक पदर, आणि तिचा ब्लाऊजपीस आईने कधी शिवलाच नव्हता. तो मला दिलाय. भाच्याची मुंज २० दिवसांवर आलीये आणि आईने सांगितलंय हीच नेसून ये. कापड जेमतेम ८० सेंटिमीटर, तसलं दुसरं मिळायचं नाही. मी ते टेबलावर पसरते, त्यावरून हात फिरवते आणि परत घडी घालून ठेवते. कात्री लावायची हिंमत होत नाहीये.

तर मला तीन गोष्टी सांगा. मुंढा नक्की कशावरून काढायचा? माझ्या मापाला चार टक्सच ठेवू की कटोरी करू (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा) की प्रिन्सेस कट (टक्सऐवजी मुंढ्यापासून खालपर्यंत एकच शिवण)? आणि काठ बाहीला घ्यायचा तर बाही आडव्या धाग्यावर कापली जाते, ती पुढे ताणते का?

प्रतिसाद १

अगं एवढं टेन्शन नको घेऊ. तुझा जो कुर्ता नीट बसलाय ना, त्याच्यावर ब्राऊन पेपर ठेवून छापा काढ आणि कंबरेपासून खालचं सोडून दे. मी असंच करते. मुंढा आयता मिळतो.

धागाकर्ती

करून बघितलं गं. कुर्ता ढगळ आहे, त्याला छातीवर चार-पाच इंच सैल सोडलंय. तो मुंढा ब्लाऊजला लावला की काखेत पिशवी होते. पण थॅंक्यू.

प्रतिसाद २

ताई, मी २२ वर्षं घरी शिवणक्लास घेते, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुमचं अंग अगदी ठीक आहे. सूत्राला तुम्ही चुकीचं माप दिलंत, आणि ही चूक क्लासवाल्यांची आहे, माझ्यासकट, कारण आम्ही ३२-३४ वर शिकवतो आणि तिथे दोन्ही मापांत फरक फार नसतो.

खांदा, गळा, मुंढा हा तुमच्या हाडाचा सांगाडा आहे. तो काखेतून घेतलेल्या मापावर चालतो, म्हणजे तुमच्या ३६ वर. ३६ चा सहावा भाग ६. बारावा भाग ३, गळा घसरतोय म्हणून तुम्ही पावणेतीनच ठेवा. छाती भरली म्हणून कोणाची काख खाली सरकत नाही. तुम्ही मुंढा ४० वर काढलात आणि वर अजून पाऊण इंच कापलात.

आता उलटं का होतं ते. हात वर गेला की त्याच्याबरोबर काखेखालची शिवण वर ओढली जाते. मुंढा काखेला जितका जवळ तितकी ही ओढ कमी. मुंढा खाली गेला की बाही थेट बरगडीला बांधल्यासारखी होते, मग हात उचलला की अख्खा ब्लाऊज उचलला जाणारच. काखेत आवळतंय म्हणून मुंढा खाली कापायचा ही सगळ्यात मोठी फसगत आहे, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणी हेच करून आलेल्या असतात. आवळतं ते बहुतेक वेळा पुढचा गोलवा कमी कोरल्यामुळे. पुढचा मुंढा पाठीपेक्षा अर्धा इंच जास्त आत कोरा, उंचीला हात लावू नका.

मग ४० आणि ३६ मधले ४ इंच कुठे घालायचे? पाठीत अजिबात नाही, सगळे पुढच्या भागात, म्हणजे एका बाजूला २ इंच. कागदावर करा. पूर्ण ड्राफ्टिंग ३६ छातीचं काढा. पुढच्या भागावर टक्स पॉइंट मांडा. खालच्या कडेपासून सरळ पॉइंटपर्यंत कापत या, तिथून वळून मुंढ्याच्या मध्यापर्यंत जा पण शेवटचं एक सूत कापू नका, तिथे कागद बिजागरीसारखा फिरला पाहिजे. आता बगलेच्या कडेपासून, म्हणजे बाजूच्या शिवणीकडून, पॉइंटपर्यंत दुसरा काप, तोही पॉइंटला टोकभर जोडलेला ठेवा. मग पॉइंटपाशी उभी फट २ इंच होईपर्यंत बगलेकडचा तुकडा बाहेर सरकवा. खालपर्यंत ही फट सारखीच ठेवा, बगलेचा काप आपोआप उघडतो, तो तुमचा बगलेचा टक. सरकवलेला भाग खाली उतरलेला दिसेल, तेवढाच समोरचा हूकपट्टीकडचा भाग कापून खाली घ्या म्हणजे तळ एका रेषेत येईल. फटींखाली दुसरा कागद चिकटवा. यात रुंदी आणि पुढची उंची दोन्ही वाढतात. पट्टी वर चढण्याचं दुसरं कारण हेच की छातीवरून यायला कापड पुढे उंचीला कमी पडत होतं.

एवढा मोठा टक शिवला तर टोक येतं, म्हणून प्रिन्सेस कट करा. बगलेचा टक कागदावर मिटवून ती उघड मुंढ्याकडच्या रेषेत न्यायची, खालचा टकही त्याच रेषेत जातो. कटोरीही चालेल, पण इरकलीला तुकडे जास्त नकोत असं माझं मत.

आणि आधी मांजरपाटावर शिवा. कच्ची शिलाई, मोठा टाका, बाही एकच लावा. दोन्ही लावायची गरज नाही.

प्रतिसाद ३

वरच्या काकूंनी सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. मी सध्या जर्मनीत असते, इथे ती पाकिटं मिळतात, आणि ती बहुतेक सगळी बी कप, म्हणजे बेताची छाती, धरून काढलेली असतात, त्यामुळे इथल्या बायकासुद्धा पाकीट आणून तोच कागद असाच कापून उघडतात. पॅटर्न विकत घेऊन प्रश्न सुटला असता असं वाटत असेल तर नाही सुटत, उलट तुम्ही स्वतःच्या मापावर काढताय तर खांदा आणि उंची तरी तुमची आहे.

प्रतिसाद ४

माझे वडील टेलर होते, त्यांच्या हाताखाली काजबटणं करत मोठा झालो, म्हणून बाहीबद्दल दोन शब्द. टेप उभी धरून, म्हणजे कडेवर, पुढचा आणि मागचा मुंढा शिवणीच्या रेषेवर मोजा. बाहीचा गोलवा त्याच्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच जास्त हवा, त्याहून कमी पडला तर हात अडतो. दंड १३ आहे तर बाहीची रुंदी दंडाला साडेचौदा धरा. बाही आडव्या धाग्यावर कापली तरी काळजी नको, काठ स्वतःच घट्ट विणलेला असतो आणि आत अस्तर आहे. फक्त अस्तराची बाही उभ्या धाग्यावर कापा म्हणजे ताण ते घेईल. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, सुती अस्तर नंतर आटलं की वरचं कापड फुगतं. बगलेला माया भरपूर सोडा, वडील म्हणायचे माया सोडलेला कपडा दहा वर्षं जातो. इरकलीवर खडूची रेघ काढायची तर आधी कोपऱ्यात पुसून बघा.

धागाकर्ती

चार दिवसांनी लिहितेय. काकू, दादा, सगळ्यांना मनापासून धन्यवाद, तुमचं सांगणं कागदावर उतरवून तो कागद मशीनच्या बाजूला चिकटवलाय.

शनिवारी रात्री लेक झोपल्यावर बसले. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ड्राफ्टिंग काढलं, ३६ वर. पॉइंटपर्यंत कापलं, वळून मुंढ्याकडे गेले, शेवटचं सूत ठेवलं आणि कागद सरकवला, आणि बगलेचा काप खरंच आपोआप उघडला. मी दोनदा मिटवून परत उघडून बघितला. इतके दिवस मी जे कापड काखेत शोधत होते ते इथे पाहिजे होतं.

मांजरपाटाचा ब्लाऊज काल झाला, एक बाही लावून. मुंढा ६. आधी भीती वाटली की हा घुसणारच नाही. घातला, समोरून टाचण्या लावल्या, स्वयंपाकघरात गेले आणि पोह्यांचा डबा काढला. पट्टी फार तर तीन सूत हलली असेल आणि हात खाली घेतल्यावर आपली आपण जागेवर आली. गळा उघडा पडत नाही, शोल्डर घसरत नाही.

एकच शंका राहिलीये, काकू बघितलंत तर सांगा. प्रिन्सेसची शिवण पॉइंटच्या वर थोडी फुगतेय, साधारण दीड इंचभर, उजवीकडे जास्त. दोन तुकडे जोडताना बगलेकडच्या तुकड्याचा गोलवा मी ओढून शिवला की काय असं वाटतंय.

प्रतिसाद २

ओढलाच असणार. गोल तुकडा खाली ठेवा, सपाट वर, पॉइंटच्या वर-खाली दोन दोन इंचावर खूण करून फक्त तेवढ्यात टाचण्या जवळ जवळ लावा आणि हळू चालवा. शिवून झाल्यावर गोलव्याच्या मायेत छोटे काप द्या, शिवणीच्या एक सूत अलीकडेपर्यंतच, आणि उशी खाली घेऊन इस्त्री फिरवा. तरी उरलं तर शिवण तिथे एक सूत आत घ्या. उजवी-डावी कमीजास्त असणं सगळ्यांनाच असतं, दोन्ही बाजू वेगळ्या लावून बघा आणि कागदावर डावं-उजवं लिहून ठेवा.

धागाकर्ती

उशी घेऊन इस्त्री केली, डावीकडचा फुगा गेला. उजवीकडे शिवण एक सूत आत घेतली आणि कागदावर ‘उजवं’ लिहिलं. अस्तर दोरीवर वाळतंय. उद्या सकाळी लेक शाळेत गेली की इरकल कापते, पहिल्यांदा बाह्या, कारण काठ तेवढाच आहे.