आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं १८०५चं 'पुडिंग' : अस्सल की नक्कल? मदत हवी आहे

सांगलीकरीण :

नमस्कार मंडळी. चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून जाणकारांना साकडं घालतेय.

पावसाच्या आधी मामाकडे माळा आवरायला काढला होता. आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. ते रेल्वेत होते. मुंबईला बदली होती तेव्हा दर रविवारी चोरबाजारात चक्कर मारून काहीबाही घेऊन यायचे आणि आजीच्या शिव्या खायचे. ट्रंकेत वर 'मार्मिक'चे जुने अंक, मग रेल्वेची वेळापत्रकं आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा जाड कागद.

चित्र काळंपांढरं आहे. टेबलाशी दोन माणसं बसलीत. मधल्या ताटात वाफाळता गोळा, नीट बघितलं तर तो पृथ्वीचा गोल आहे! डावीकडचा काडीपैलवान, टोकदार नाकाचा, लष्करी कोटातला. उजवीकडचा बुटका, डोक्यावर त्याच्याहून मोठा पिसांचा तुरा, खुर्चीवरून अर्धा उठून तलवारीने गोळा कापतोय. आजोबा हे चित्र 'मार्मिक'बरोबर का ठेवायचे ते बघताक्षणी कळलं.

अक्षरं फार सुरेख पण वळणदार आहेत. मला लागलं ते असं : "द प्लम्ब-पुडिंग इन डेंजर", मग "स्टेट एपिक्युअर्स टेकिंग अन पेटिट सूपर". खाली हम्फ्री असं नाव, लंडनचा पत्ता आणि तारीख, २६ फेब्रुवारी १८०५.

प्रश्न असे : हे खरंच १८०५चं आहे का? हे दोघं कोण आणि करतायत काय? आणि कागदावर तपकिरी ठिपके पडलेत, एका कडेला कसरीने खाल्लंय, तर लॅमिनेट करून घेऊ का? फ्रेमवाला म्हणाला की तारीख छापलीय म्हणजे त्याच सालचं, लाखांत जाईल. तेव्हापासून मामा नव्या बाइकची माहितीपत्रकं चाळतोय.

हो, मागच्या बाजूला दुसरंच चित्र आहे. आजोबांनी जागा वाचवायला दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवली असावीत.

शंकासुर :

लॅमिनेट करू नका, करू नका, करू नका. बाकीचं जाणकार सांगतील. बुटका नेपोलियन हे मलाही कळलं.

टेम्सकाठचा :

अहो ताई, राजकीय व्यंगचित्रांच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं पान तुमच्या माळ्यावर निघालंय! मग ते कुठल्याही सालचं असो.

चित्रकार जेम्स गिलरे. डावीकडचा काडीपैलवान म्हणजे ब्रिटनचा पंतप्रधान धाकटा पिट, उजवीकडे नेपोलियन. 'पेटिट सूपर' नव्हे, फ्रेंच 'पती सुपे', म्हणजे रात्रीचं हलकं जेवण. अख्खी पृथ्वी समोर आणि म्हणे हलकं जेवण. पहिला टोमणा तिथेच आहे. प्लम पुडिंग हा इंग्रजांचा सणाचा पदार्थ, आपल्याकडच्या पुरणपोळीसारखा. तो 'धोक्यात' आहे म्हटल्यावर दुकानासमोरचा माणूस थबकणारच.

जानेवारी १८०५ मध्ये नेपोलियनने इंग्लंडच्या राजाला पत्र लिहून तहाचा प्रस्ताव मांडला होता. गिलरेने त्या तहाचा अर्थ काढला : या, वाटून खाऊ. आता वाटणी बघा. पिटचा काटा त्रिशुळासारखा आहे, समुद्रदेवाचा. तो अटलांटिकचा भला मोठा काप काढून घेतोय, वेस्ट इंडीजसकट. नेपोलियनच्या वाट्याला युरोप. त्याचा काटा कुठे रुतलाय तेही भिंगातून बघा, हॅनोव्हरवर. हॅनोव्हर हे इंग्लंडच्या राजाचं जर्मनीतलं घरचं संस्थान, फ्रेंचांनी १८०३ मध्ये घेतलेलं. म्हणजे यजमानाच्या पानातला घास. आणखी एक बारकावा : पिट शांतपणे बसून कापतोय आणि तरी मोठा तुकडा त्याचाच आहे, नेपोलियन मात्र उठून, ओणवा होऊन, घाईघाईने. एकाला सवय आहे, दुसऱ्याला भूक.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत समुद्र इंग्रजांच्या पानात पडला आणि डिसेंबरात ऑस्टरलिट्झला युरोप नेपोलियनच्या. गिलरेला ज्योतिष येत नव्हतं, पण कोणाचा हात कुठवर पोचतो ते दिसत होतं.

'मि. डब्ल्यू-डी-एम' असंही कुठे दिसेल. ते खासदार विंडम. नावातली अक्षरं गाळून मधे रेघ मारायची रीत होती. कोण ते सगळ्या लंडनला कळायचं, पण कागदावर नाव नाही.

कागदखाऊ :

जरा थांबा. चित्राचं कौतुक होत राहील, मला त्या शेवटच्या वाक्यात जास्त रस आहे. मागचं चित्र चिकटवलंय की छापलंय? कागदाचा कोपरा बोटांत धरून बघा, दोन थर लागतात की एकच पान आहे?

आणि एवढं तपासा :

तारखेवर जाऊ नका. १७३५च्या कायद्याने पत्र्यावर चित्र कोरून छापणाऱ्यांना आपल्या चित्रावर हक्क मिळाला, पण अट अशी की प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव तांब्याच्या पत्र्यावरच कोरलेलं हवं. म्हणजे ती तारीख पत्र्याची झाली, कागदाची नव्हे. त्याच पत्र्यावरून पन्नास वर्षांनी छापलं तरी तारीख १८०५चीच उमटणार. फ्रेमवाल्याची गफलत इथे झालीय (आणि भल्याभल्यांची होते).

भिंग घेऊन रेघा बघा. छोटे छोटे ठिपके दिसले तर ती विसाव्या शतकातली छपाई, विषय संपला. सलग काळी रेघ असेल तर पुढे जा. चित्राभोवती कागद किंचित दबलेला आहे का, चौकटीसारखा? पत्रा कागदावर दाबून छापल्याची ती खूण, साधारण २६ बाय ३६ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी. मग कागद उजेडासमोर धरा. पाणखुणेत (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण) एखादं नाव किंवा साल दिसलं तर कळवा. शेवटचं, वरच्या कोपऱ्यात सुटा आकडा कोरलेला आहे का?

लॅमिनेशनबद्दल शंकासुरांशी सहमत. ते कागदाला जिवंत पुरण्यासारखं आहे. सेलोटेपही नको. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कागदाला टेकवू नका.

सांगलीकरीण :

बापरे, पटापट उत्तरं! भिंग शेजारच्या काकांकडून आणते, त्यांचा घड्याळदुरुस्तीचा धंदा होता. रात्री बघून सांगते.

तोवर एक बाळबोध प्रश्न. पंतप्रधानाची इतकी उघड टिंगल आणि ती १८०५ मध्ये? या गिलरेला आत टाकला नाही?

टेम्सकाठचा :

बाळबोध अजिबात नाही.

एकदा धरला होता, १७९६ मध्ये. पण कारण राजकारण नव्हतं. युवराजाच्या नव्या बाळाचं चित्र काढताना येशूजन्माच्या प्रसंगाची नक्कल केली म्हणून. एरवी सरकार खटल्याच्या वाटेला जायचं नाही. का? खटला भरला तर वकिलाला भर कोर्टात उभं राहून सांगावं लागणार, 'हा जो जाड्या काटा तोंडात घालून दात कोरतोय, ते आमचे युवराज.' गिलरेने १७९२ मध्ये खरंच तसं चित्र काढलंय : सुटलेलं पोट, तटतटलेली बटणं, बाजूला न फेडलेली बिलं. हसू आणखी वाढवून घ्यायला कोण कोर्टात जाईल? शब्द पकडीत येतो, नाक पकडीत येत नाही.

मग दुसरा रस्ता, पैशाचा. १७९७पासून गिलरेला सरकारकडून गुपचूप वर्षाला २०० पौंड मिळत होते, आणि तेही पिटच्याच लोकांकडून. पिट १८०१ मध्ये पायउतार झाला तसा तो रतीब थांबला. हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं होतं. पण पैसे घेण्याच्या काळातही त्याने पिटला देखणा काही केलेला नाही. तो खरोखर विकला गेला होता का, याबद्दल माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं.

पुढे तोच युवराज राजा झाला, चौथा जॉर्ज. १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराला १०० पौंड दिले गेले आणि पावतीवर लिहून घेतलं की महाराजांना अनैतिक अवस्थेत दाखवणार नाही. पावती! लाच द्यायची आणि पावती फाडून ठेवायची.

अक्षरं सुरेख आहेत म्हणालात, त्याचंही कारण आहे. गिलरे सुरुवातीला अक्षरं कोरणाऱ्याकडे उमेदवारीला होता. आणि हम्फ्री म्हणजे हॅना हम्फ्री, बाई. सेंट जेम्सेस स्ट्रीटवर २७ नंबरला तिचं दुकान, गिलरे तिच्याच घरात वर राहायचा. नवं चित्र आलं की दुकानाच्या काचेत लागायचं आणि बाहेर झुंबड. विकत घेणारे सरदार-खासदार, फुकट बघणारं सगळं लंडन. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा दुकानदार तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळीसाठी भाड्याने द्यायचा, पाहुणे जेवायला येणार असतील तर करमणूक म्हणून. आपल्याकडच्या व्हिडिओ कॅसेटवाल्यासारखा.

गिलरेचा शेवट मात्र वाईट झाला. डोळे अधू झाले, मग मनाचा तोल गेला. अखेरपर्यंत हम्फ्रीबाईनेच सांभाळलं. १ जून १८१५ला गेला, वॉटर्लूच्या अडीच आठवडे आधी. ज्या बुटक्याला वर्षानुवर्षं चितारला त्याचा शेवट काही बघायला मिळाला नाही.

शंकासुर :

अवांतर : नेपोलियन खरं तर त्या काळाच्या मानाने बुटका नव्हताच म्हणतात. साडेपाच फुटांच्या आसपास होता. आपल्या डोक्यातला बुटका नेपोलियन या गिलरेबुवांचाच प्रताप.

मोडीवाला :

उशिरा येतोय. त्या गोळ्यावर हिंदुस्थान शोधला का कुणी? मी आंतरजालावरच्या प्रतीत शोधला. नाही. तो गोलाच्या मागच्या बाजूला गेलाय.

आणि तारीख बघा, फेब्रुवारी १८०५. नेमक्या त्याच दिवसांत यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात जाट राजाच्या आश्रयाला आणि बाहेर इंग्रजांचा जनरल लेक डोकं आपटतोय. जानेवारी-फेब्रुवारीत चार हल्ले केले, चारही फसले. बातमी लंडनला पोचायला काही महिने जायचे, त्यामुळे गिलरेला हे ठाऊक असणं शक्य नाही. पण पुडिंगच्या मागच्या बाजूला सुरी अडकली होती, एवढं नोंदवून ठेवतो. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेल्स्लीला परत जावं लागलं, फार खर्चिक लढाया केल्या म्हणून.

हिंदुस्थान समोर असलेलं चित्र हवं असेल तर १७८३चं 'कार्लो खान' बघा, सेयर्स या व्यंगचित्रकाराचं. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आपल्या हाती घेणारं विधेयक तेव्हाचा मंत्री फॉक्स याने आणलं, तर सेयर्सने त्याला मुसलमानी पोशाखात हत्तीवर बसवून कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीवर चाल करून आणला. हत्तीचं तोंड सरकारातला त्याचा भागीदार लॉर्ड नॉर्थचं! पंधरवड्यात विधेयक पडलं आणि सरकारही गेलं. नुसत्या चित्राने गेलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, राजाने उमरावांवर दबाव आणला होता. पण आपलं नुकसान संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी जास्त केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. पुढे पिटने सेयर्सला सरकारी नोकरी दिली. टेम्सकाठच्यांच्या यादीत आणखी एक पावती.

सांगलीकरीण :

अपडेट. काकाच भिंग घेऊन घरी आले, त्यांना माझ्याहून जास्त उत्साह.

रेघा सलग आहेत, ठिपके नाहीत. चौकटीची दाब लागतेय, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं. उजेडासमोर पाणखूण काही दिसली नाही. हॅनोव्हरमधला काटा दिसला (आम्ही दोघंही ओरडलो). वर उजव्या कोपऱ्यात आकडा आहे.

आणि कागदखाऊ, कागद एकच आहे. मागचं चित्र चिकटवलेलं नाही, छापलेलंच आहे.

कागदखाऊ :

मग उत्तर मिळालं. मामांना बाइकची माहितीपत्रकं आवरायला सांगा.

हम्फ्रीबाई १८१८ मध्ये गेली, दुकान पुतण्याकडे आलं, पुढे गिलरेचे तांब्याचे पत्रे हेन्री बोन नावाच्या प्रकाशकाने घेतले. १८५०च्या सुमारास त्याने त्याच पत्र्यांवरून जाड कागदावर पुन्हा छापून भलामोठा ग्रंथ काढला. पानं वाचवायला दोन्ही बाजूंनी छापलं आणि कोपऱ्यात अनुक्रमांक घातले. हम्फ्रीच्या दुकानात चित्र सुटं विकलं जायचं, एका बाजूने छापलेलं, बहुधा हाताने रंगवलेलं. बोनची पानं रंगाविना. तुमचं पान त्या ग्रंथातून कुणीतरी कापून काढलेलं आहे. काही व्यापारी नंतर त्यावर रंग चढवून 'जुनं' म्हणून विकतात, तुमचं त्यातून वाचलंय.

पण 'नक्कल' म्हणू नका. गिलरेने स्वतः सुईने कोरलेल्या आणि आम्लात बुडवलेल्या पत्र्यावरूनच ही शाई कागदावर आलीय. हात त्याचाच, फक्त छापताना तो हयात नव्हता. लाख मिळणार नाहीत, पण टाकाऊही नाही. ठिपके घरी पुसायला जाऊ नका. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारा. आणि ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर याच चित्राची रंगीत मूळ प्रत फुकट बघता येते, शेजारी ठेवून ताडून बघा.

सांगलीकरीण :

मंडळी, खूप खूप आभार. मामाला सांगितलं. तो पाच मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे बाबांनी रद्दीच्या भावात घेतलं होतं ते बरोबरच होतं." आता विकायचं नाही असं ठरलंय.

फक्त नवा घोळ झालाय. मागच्या चित्रात नुसती गर्दी आहे, घोडे, बायका, कुत्री, आणि आईला तेच जास्त आवडलंय. मामाला पुडिंग भिंतीवर हवं. दोन्ही बाजू दिसतील अशी फ्रेम होते का?

कागदखाऊ :

होते. दोन्हीकडे काच, मधे कागदाभोवती आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट, काच कागदाला टेकता कामा नये. उन्हात टांगू नका. आणि दर सहा महिन्यांनी उलटवा, म्हणजे भांडण नको.