राजहंसाची अंडी इनक्युबेटरमध्ये: पावसाळ्यात पाणी ठेवायचं की नाही?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. घणसोली गावात घर आहे, मागे परसात मोकळी जागा आहे. पुढच्या आठवड्यात पनवेलपलीकडून राजहंसाची ८ अंडी आणायची आहेत. इनक्युबेटर कोंबडीच्या ४८ अंड्यांचा आहे, पंख्याचा. त्यावर डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट आणि आपोआप कलणारे ट्रे आहेत. सोबतच्या कागदावर लिहिलंय की पहिल्या दिवसापासून पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरून ठेवा. पण इथे खोलीतच आर्द्रता ८५ टक्के आहे, कपडे वाळत नाहीत. अशात आणखी पाणी ठेवायचं का? तापमान किती ठेवायचं, अंडी उभी ठेवायची की आडवी, किती दिवस धरायचे? शेजारी एक गावठी कोंबडी खुडूक बसली आहे, त्यापेक्षा तिच्याखाली ठेवणं बरं का?

कोलशेतवाला

पाणी ठेवू नका. पहिले २७ दिवस तरी नाहीच.

हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेरची २८ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की साधारण ५० टक्क्यांवर येते. राजहंसाच्या अंड्यांना सुरुवातीला ५० ते ५५ च लागते, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईत हे काम आपसूकच झालेलं असतं. जानेवारीत उलट. बाहेर २२ अंश आणि ५५ टक्के असेल तर यंत्रात जेमतेम २२-२३ टक्के उरतात, तेव्हा पन्हळ भरावीच लागते. तुमचा तो कागद कोरड्या हवेच्या हिशोबाने लिहिलेला आहे. आत्ता दोन्ही पन्हळी भरल्यात तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडणार नाही, बोथट टोकाकडचा हवेचा कप्पा लहान राहील आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटच्या दोन दिवसांत कवचातच गुदमरेल. असं अंडं फोडलं की पिल्लू सुजल्यासारखं, चिकट पाण्यात लडबडलेलं दिसतं. राजहंसाच्या बाबतीत आपल्याकडे नुकसान होतं ते बहुतेक इथेच.

आर्द्रतामापकावर फार भिस्त ठेवू नका. आधी तो तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकासोबत बंद पिशवीत ६-८ तास ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवं. जितका फरक दिसेल तितका कायम वजा किंवा अधिक धरायचा.

खरा हिशोब वजनाचा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नंबर घाला आणि ठेवण्याआधी वजन लिहून ठेवा. सोनाराकडे असतो तसला ०.१ ग्रॅमचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्या. २८व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १४ टक्के घटायला हवं. अंडं १५० ग्रॅमचं असेल तर १८ ते २१ ग्रॅम, म्हणजे रोज पाऊण ग्रॅमच्या आसपास. सातव्या दिवशी साडेचार-पाच ग्रॅम घट दिसली तर सगळं ठीक. तीनच ग्रॅम दिसली तर हवा दमट आहे: यंत्राची भोकं पूर्ण उघडा. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र एसीच्या खोलीत हलवा. २५ अंश आणि ५० टक्क्यांची एसीतली हवा यंत्रात २५ टक्क्यांपर्यंत खाली येते, मग लागेल तेवढी आर्द्रता छोट्या वाटीतल्या पाण्याने वाढवता येते. घट जास्त होत असेल तर वाटी ठेवा. पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, पृष्ठभाग मोठा लागतो.

अंडी आडवीच ठेवा. तुमच्या ट्रेच्या खळग्यांत ती बसणारही नाहीत. ट्रे काढून टाका, जाळीवर रबरी मॅट अंथरा आणि हाताने फिरवा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढायचा आणि दिवसातून ३ किंवा ५ वेळा पूर्ण अर्धा वळसा द्यायचा. वेळा विषम ठेवल्या की रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. एकदा उजवीकडे तर पुढच्या वेळी डावीकडे. सतत एकाच दिशेने फिरवलं तर बलक धरून ठेवणाऱ्या दोऱ्या पिळल्या जातात. नुसतं कलवणं कोंबडीला चालतं. राजहंसाचं अंडं मोठं असतं, त्यात गर्भ कवचाला चिकटतो.

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश. दहाव्या दिवसापासून रोज एकदा अंडी बाहेर काढून १५ मिनिटं गार करायची आणि उकळून कोमट केलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा. एवढ्या मोठ्या अंड्यात वाढता गर्भ स्वतः बरीच उष्णता सोडतो आणि ती आतच कोंडते. हंसीण अंड्यांवरून उठून पाण्यावर जाऊन येते तेव्हा हेच घडत असतं. आपल्या खोलीतच ३० अंश असतात, म्हणून छताचा पंखा लावून गार करा. अंडं पापणीला लावल्यावर ना गरम ना गार लागलं की परत आत. गार पाणी फवारू नका: आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. मळकी अंडी धुवायची नाहीत ती याच कारणासाठी. कोरड्या स्क्रबरने हलकेच घासा, फार माखलेलं अंडं ठेवूच नका.

एकूण २८ ते ३१ दिवस. चायनीज जातीची २८-३०, एम्डेनसारखी जड जात ३० च्या पुढेमागे.

कोंबडीबद्दल: जमतं, पण गावठी कोंबडीखाली ३-४ अंड्यांवर जाऊ नका. तिला ही अंडी फिरवता येत नाहीत, तेव्हा फिरवणं तुमच्याच हाती. शिवाय हंसिणीसारखी ती पाण्यावर जाऊन ओली होत नाही, म्हणून दुसऱ्या पंधरवड्यात कोमट फवारा द्यायचा. काही कोंबड्या २१ दिवसांनंतर उठून जातात. यंत्र चालू असेल तर धोका नाही. मस्कोव्ही बदकी खुडूक मिळाली तर मात्र यंत्राआधी तिला पसंती द्या. ती स्वतःच्या अंड्यांवर ३५ दिवस बसते, तिला कंटाळा येत नाही.

खारघरचा_वायरमन

वरचं सगळं बरोबर. थोडं यंत्राबद्दल.

डब्ल्यू-१२०९ कंपनीतून येतो तेव्हा त्याचा फरक २ अंशांवर असतो. म्हणजे ३७.५ ला बंद होतो आणि ३५.५ ला पुन्हा चालू. सेट बटण ५ सेकंद दाबून पी-१ या सेटिंगवर जा आणि ०.२ करा. मग रिले (बल्ब चालू-बंद करणारा आतला स्विच) वारंवार टकटक करणार, त्यामुळे तो झिजतो. जास्तीचा एक मॉड्यूल घरात ठेवा. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, बल्बपासून लांब. तापमान तपासायला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर चालतो, पण तो सर्वाधिक आकडा धरून ठेवतो एवढं ध्यानात घ्या. त्याने ३८ च्या वर दाखवलं तर पी-४ मध्ये दुरुस्ती करा. पंखा बंद पडला तर ३७.५ चा हिशोब चालत नाही. पंख्याविना हवा थरांत बसते, तेव्हा अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ लागतात.

लाइट गेली तर काय करायचं ते दिवसांवर ठरतं. पहिल्या दोन आठवड्यांत भोकं झाका, वर घोंगडी टाका, आत कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवा, झाकण उघडू नका. २० दिवसांनंतर मात्र उलट: अंडी स्वतः गरम असतात आणि गर्भाला हवा लागते, म्हणून भोकं उघडीच ठेवायची. तीन-चार तासांनी सहसा बिघडत नाही, फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतात. गार होण्यापेक्षा तापणं वाईट, ४० च्या वर गेलं तर थोड्या वेळातही गर्भ मरतो.

अंडी आणण्याबद्दलही लिहितो. जमवलेली अंडी १५ अंशांच्या आसपास ठेवायची असतात, सात दिवसांपर्यंत. आपल्या खोलीत २८-३० अंशांना गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कमकुवत होऊन मरतो, फ्रिजमध्ये ४ अंशांना वेगळ्या कारणाने मरतो. विकणाऱ्याला सरळ विचारा, कोणत्या तारखेची आणि कुठे ठेवलेली. सगळ्यात ताजी अंडी मागा. पनवेलहून आणताना अंड्याच्या कार्टनपेक्षा तूस भरलेला डबा बरा. घरी आल्यावर निमुळतं टोक खाली करून १२ ते २४ तास स्थिर ठेवा, मगच यंत्रात. खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी हवेचा कप्पा सुटलेला असतो, तो बसायला तेवढा वेळ लागतो.

घणसोलीकर

मनापासून आभार. पाण्याचं कोडं सुटलं. आता पुढचं: अंड्यात जीव आहे हे कधी कळतं? टोच मारल्यावर पिल्लाला बाहेर काढायला मदत करायची का? आणि बाहेर आल्यावर खाणं, ऊब, पोहणं? घरात दोन मांजरंही आहेत.

ऐरोलीची_परसबाग

आठव्या-दहाव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहा. काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसतं पिवळसर, मोकळं दिसलं तर अफलित. लाल कडं दिसलं तर गर्भ मेला आहे, ते लगेच काढा. कुजून फुटलं तर सगळ्या अंड्यांना घाण लागते. १८व्या आणि २५व्या दिवशी पुन्हा बघा आणि दर वेळी हवेच्या कप्प्याची कड पेन्सिलीने आखा.

२७-२८व्या दिवशी ही कड तिरकी होते आणि कप्प्यात चोचीची सावली हलते. तेव्हापासून फिरवणं, गार करणं, फवारा सगळं बंद. आता मात्र पाणी ठेवा, आर्द्रता ७० ते ७५. पावसाळ्यातही एवढी आपसूक होत नाही. ओला स्पंज ठेवला तरी चालतो. या दिवसांत झाकण उघडलं की आतली वाफ जाते, पातळ पडदा पिल्लाभोवती वाळून आवळतो आणि ते वळू शकत नाही.

कवचाला पहिला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ ते ४८ तास लागतात. कोंबडीच्या मानाने हे फार लांब वाटतं आणि लोक घाईने कवच सोलतात. आत अजून रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, बलकाची पिशवी पोटात ओढली गेलेली नसते. सोललं की रक्तस्राव होतो. टोच्याला ४८ तास उलटूनही भोक मोठं झालं नाही आणि पडदा पांढरा, कागदासारखा वाळला असेल तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो ओलसर करा, हवेच्या कप्प्याकडचं थोडं कवच काढा. लाल रेघ दिसली की तिथेच थांबा.

अंगावरची लव वाळून फुलेपर्यंत पिल्लू यंत्रातच ठेवा. बलक पोटात असतो, पहिले २४ तास खाणं दिलं नाही तरी चालतं. मग ब्रूडर, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायची बल्बची पेटी: पहिल्या आठवड्यात ३२ अंश, दर आठवड्याला ३ अंश कमी. पावसाळ्यात आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर दिवसा बल्ब लागत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठा, कोपऱ्यात लांब पळून धापा टाकत असतील तर उकाडा.

खाली वर्तमानपत्र अजिबात नको. पाय घसरतात आणि दोन दिवसांत फाकतात. पहिला आठवडा गोणपाट किंवा रबरी मॅट, पुढे रंध्याचा भुसा किंवा भाताचं तूस. फाकलेले पाय लगेच ध्यानात आले तर कागदी चिकटपट्टीने नैसर्गिक अंतरावर बांधा, दोन-तीन दिवसांत सरळ होतात.

खाण्यात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, नायसिन. राजहंस-बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा हे जीवनसत्त्व बरंच जास्त लागतं. कमी पडलं की गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. २० ते २२ टक्के प्रथिनांचा चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) द्या आणि त्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा, वाटीभर खाद्याला एक मोठा चमचा. लक्षणं दिसायला लागली तर पशुवैद्यांना दाखवा, उशीर झाला तर पाय सुधारत नाहीत. काही ब्रॉयलर खाद्यांत कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचं औषध मिसळलेलं असतं. ते कोंबडीच्या मात्रेने घातलेलं असतं आणि ही पिल्लं वजनाच्या मानाने जास्त खातात. पोत्यावरची चिठ्ठी वाचून औषधाविना असलेलंच घ्या.

दुसरी, बुरशी. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर धरणाऱ्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, पाणपक्ष्यांच्या पिल्लांचं यकृत फार चटकन खलास करतं. कोंबड्या निभावतील त्या खाद्यावर ही पिल्लं मरतात. तुर्भ्याच्या दाणाबंदरातून पोतं स्वस्त पडतं खरं, पण पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा. ड्रम घट्ट झाकणाचा, जमिनीपासून उचललेला. कुबट वास आला की फेकून द्या, उन्हात वाळवून विष जात नाही. भुसाही ओला राहिला तर त्यात बुरशी वाढते, पिल्लं तोंड उघडून श्वास घेऊ लागतात. पाण्याच्या भांड्याखाली जाळी ठेवा, म्हणजे सांडलेलं खाली निथळतं. सगळा चिखल तिथूनच होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बारीक चिरलेली हरळी, मेथी, कोथिंबिरीचा पाला, सोबत चिमूटभर जाड वाळू. लांब गवत अन्ननलिकेत गुंता होऊन अडकतं, म्हणून चिरूनच. तीन आठवड्यांनंतर प्रथिनं १५-१६ टक्क्यांवर आणा आणि गवत वाढवा. भरपूर दाणा चालू ठेवला तर पिसं हाडांच्या आधी जड होतात आणि पंखाचं टोक बाहेर वळतं. वळताना दिसलं की पंख घडीत बसवून मऊ पट्टीने ३ ते ५ दिवस बांधा, दाणा कमी करा. हाडं पक्की झाल्यावर तो पंख परत वळत नाही.

पाणी एवढं खोल हवं की नाकपुड्या बुडतील, नाहीतर नाकडोळे चिकटतात. पोहणं घाईने नको. यंत्रातल्या पिल्लांच्या लवेला आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, ती भिजतात, गारठतात आणि बुडतात. आठवड्यानंतर परातीत ३-४ सेंमी कोमट पाणी, पाच मिनिटं, डोळ्यांसमोर, मग पुसून बल्बखाली. अंगभर पिसं फुटल्यावर मोकळं सोडा.

आणि एकटं पिल्लू वाढवू नका. एकच निघालं तर सोबतीला बदकाचं पिल्लू आणा. नाहीतर ते माणसाला कळपातला धरतं आणि मोठेपणी माणसांशीच झोंबतं.

मांजरांपेक्षा घूस आणि मुंगूस जास्त धोक्याचे. कोंबडीची षट्कोनी जाळी घूस कुरतडते, अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोड वेल्ड केलेली तारेची जाळी) घ्या आणि ती कडेने फूटभर जमिनीत गाडा.

कळव्याचा_पक्षीमित्र

एक भर. ही माहिती पाळीव राजहंसांसाठीच वापरा. पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या पाणथळींत अडई आणि हळदी-कुंकू ही रानबदकं घरटी करतात. त्यांची अंडी उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. अशी अंडी दिसली तर हात लावू नका, वन विभागाला कळवा.

वाढलेले राजहंस मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू नका आणि चरायला खाडीकडेही नेऊ नका. स्थलांतरित पाणपक्ष्यांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो, बदक-राजहंस कधी कधी लक्षणं न दाखवताच तो वाहतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत तो कोंबड्यांमध्ये आला होता आणि हजारो पक्षी नष्ट करावे लागले. परसावर वरून जाळी टाका, म्हणजे बगळे-कावळे खाद्यावर उतरणार नाहीत. दोन-तीन पक्षी एकदम मेले तर पुरू नका, शवविच्छेदनही घरी करू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा, नमुना कसा आणि कुठे द्यायचा ते तेच सांगतात.

घणसोलीकर

वेल्डमेश आणि काटा आजच मागवतो. अंडी ठेवल्यावर सातव्या दिवसाची वजनं इथेच टाकतो, घट बरोबर आहे का ते सांगा.

कोलशेतवाला

टाका. प्रत्येक अंड्याचं सुरुवातीचं आणि सातव्या दिवसाचं वजन वेगवेगळं लिहा, आठांची बेरीज नको. कवचाची जाडी सारखी नसते, एखाद्या अंड्यातलं पाणी इतरांच्या निम्म्याने उडतं तर एखाद्यातलं दीडपट.